गोजराबाईचा इश्यू

गोजराबाईला इंग्रजी येत नव्हतं. माहेरी, रिह्याच्या शाळेत चौथीपर्यंत शिकली आणि मारुंजीत सून म्हणून आली, तिथं शिक्षण संपलं. पण इंग्रजीतल्या एका शब्दाशी तिचं जे वैर जडलं ते उभ्या जन्माचं.

तो शब्द तिनं पहिल्यांदा ऐकला चिंचवडच्या एका दवाखान्यात. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि कूस उजवली नव्हती. सासू गंगूबाई तिला घेऊन गेली. डॉक्टरनं कागदावरून मान वर न करता विचारलं, "इश्यू नाही का अजून?" गंगूबाईनं काही न समजता मान हलवली. गोजराबाईला वाटलं, हे आपल्याला झालेल्या रोगाचं नाव असावं. घरी आल्यावर तिनं नवऱ्याला विचारलं. हैबतराव पिंपरीच्या कारखान्यात कामाला होता, चार इंग्रजी शब्द त्याच्या कानावरून गेले होते.

"इश्यू म्हंजी पोर गं," तो म्हणाला. "रोग न्हाई काय."

गंगूबाईनं मात्र तो शब्द उचलला. पावण्यारावळ्यांत, हळदीकुंकवात कुणी सुनेची चौकशी केली की ती म्हणायची, "आमच्या गोजरीला इश्यू न्हाई." वांझ म्हणायला जीभ रेटत नसावी. इंग्रजीत सांगितलं की म्हातारीला आपण मऊ बोललो असं वाटायचं. ऐकणाऱ्या बायका चुकचुकायच्या आणि गोजराबाई चुलीपुढं फुंकणी घेऊन बसायची. शिवी दिली असती तर उलट बोलता आलं असतं. ह्याला काय उत्तर देणार?

मग सगळ्यांनी आशा सोडल्यावर सृष्टी झाली. काळीसावळी, दात पुढं, आवाज खणखणीत. वासराला पाणी पाजायचं तर बादली उचलायची नाही, तांब्यातांब्यानं न्यायची आणि निम्मं वाटेत सांडायची. चुलतभाऊ शंभू तिच्याहून मोठा. त्याच्या सायकलच्या मागं बसून शाळेत जायची आणि वाटभर त्याच्याशी भांडायची. पोर तिसरीत असताना ताप आला. गावच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, उतरला नाही. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथं ताप मेंदूत गेलाय म्हणाले. पोर परत आली नाही.

त्यावर वर्षं गेली. गंगूबाई गेली. मारुंजीची पार दशा बदलली. भाताच्या खाचरांवरून रस्ते गेले, शेजारी हिंजवडी फुगत गेली, आणि हैबतरावानंही घरामागं खोल्यांची ओळ काढून भाड्यानं दिली. भाडेकरू आले ते नांदेडचे, जळगावचे, परभणीचे. सगळी कंपनीत जाणारी पोरंपोरी. आणि त्यांच्या तोंडी सकाळ-संध्याकाळ तोच शब्द. पाण्याचा इश्यू, नेटचा इश्यू, मॅनेजरचा इश्यू. कुणी ओट्यावर उभा राहून फोनवर हसत सांगायचा, "आज दिवसभरात चार इश्यू क्लोज केले." गोजराबाईच्या हातातलं सूप थांबायचं.

उत्कर्षा परभणीची. कोपऱ्यातल्या खोलीत राहायला आली त्याला महिनाच झाला असेल. एकदा दारात येऊन नम्रपणे म्हणाली, "काकू, माझी मैत्रीण जुईली दोन दिवस राहायला येणारय. तुम्हाला काही इश्यू नाही ना?"

गोजराबाई तांदूळ निवडत होती. तिचा चेहरा उतरला. "व्हती येक," ती म्हणाली. "गेली." आणि उठून आत गेली.

उत्कर्षा तिथंच उभी राहिली. काय चुकलं ते तिला हैबतरावानं सांगितलं, तेव्हा ती रडकुंडीला आली. संध्याकाळी येऊन गोजराबाईजवळ बसली आणि समजावून सांगू लागली, की काकू, त्याचा अर्थ अडचण असाही होतो, हरकत असाही होतो.

"मंग पोराला बी तेच आन् अडचणीला बी तेच?" गोजराबाई म्हणाली. "कुणी ठरिवलं हे?"

त्या दिवसापासून उत्कर्षानं त्या घरात तो शब्द उच्चारला नाही. पाणी आलं नाही की म्हणायची, "काकू, पाणी नाहीये." गोजराबाईचा तिच्यावर जीव बसला तो तेव्हापासून.

पुढं हैबतराव गेला. झोपेतच गेला, कुणाला त्रास दिला नाही. आणि वर्षश्राद्ध उरकतं न उरकतं तोच मोठ्या रस्त्याला लागून असलेली सामाईक जमीन बिल्डरला द्यायचं घरात ठरलं. त्यात हैबतरावाचा वाटा होता, तो आता गोजराबाईचा. तिची ना नव्हती. त्या जमिनीत आता पीक कमी आणि प्लास्टिकच्या पिशव्या जास्त निघत. दिराचा मुलगा शंभू सगळी धावपळ करत होता. आता तोही प्रपंचाला लागला होता, त्याला बायको होती, मुलगी होती. एका रविवारी तो करारनाम्याचा मसुदा घेऊन आला. सगळा इंग्रजीत.

"काकी, हितं सही कर. हितं, आन् हितं."

"वाचून दाखीव."

"मला येतंय व्हय येवढं? वकिलानं केलंय, बराबरच आसंल."

तिनं उत्कर्षाला हाक मारली. उत्कर्षा वाचत आणि मराठीत सांगत गेली. गट नंबर, चतुःसीमा, कुणाचा बाप कोण. एका जागी ती अडखळली आणि पान उलटू लागली.

"थांब," गोजराबाई म्हणाली. "मधलं का सोडलंस?"

"काही विशेष नाही काकू."

"वाच."

उत्कर्षानं हळू आवाजात वाचलं, "हैबतराव... विदाऊट एनी इश्यू... म्हणजे, हैबतराव निधन पावले, त्यांना मूलबाळ नव्हतं. मागे फक्त पत्नी गोजराबाई."

गोजराबाईनं पेन खाली ठेवलं. "हे खोटं हाय. म्या सही करनार न्हाई."

शंभूनं पुष्कळ समजावलं. वकिलांची ही अशीच भाषा असते म्हणाला. सगळ्यांच्या सह्या झाल्यात, तुझ्या एकटीपायी अडलंय म्हणाला. ती तांदळाचं ताट पुढं ओढून निवडायला लागली. शंभू कागद गोळा करून, दार आपटून गेला.

बिल्डरचा वकील शरदचंद्र, त्याचं ऑफिस भूगावला. तिथं शंभूनं तिला आठवड्यानं नेलं. वकील वाईट माणूस नव्हता, घाईतला होता. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मावशी, कायद्यात वारस म्हणजे जो मागे उरला तो. तुमची मुलगी आधी गेली, लग्न झालेलं नव्हतं. म्हणून लिहिलं नाही. तुमच्या हक्काला धक्का नाही."

"हक्काचं कोन इचारतंय? मला पोर झाली न्हाई असं का ल्हिवलंय?"

वकिलानं कीबोर्डवर एक शब्द टाकला. "घ्या. 'सर्व्हायव्हिंग' घातलं. मागे जिवंत असलेलं अपत्य नाही. आता तर खरं आहे ना?"

खरं होतं. शंभू उठायच्या बेतात होता. गोजराबाई खुर्चीवरून हलली नाही.

"तिचं नाव कुटंय?"

"नाव घातलं तर मृत्यूचा दाखला जोडावा लागेल. उद्या कुणी विचारलं की ही मुलगी कुठं गेली, तिची सही का नाही, तर पुरावा नको? उगाच लांबेल."

"लांबू द्या."

परतीच्या वाटेवर चांदणी चौकात गाडी अडकली तेव्हा शंभूनं तोंड उघडलं. "काकी, वकील काय म्हनला कळलं का तुला? तो कागुद कोन वाचनारंय? येक तू सोडली तर कुनी बी न्हाई."

"मी वाचनार हाय ना."

"तुला वाचता तरी येतंय का त्यातलं?"

हा माणूस लबाड नाही, वैरी नाही, आणि तरी ह्याला समजत नाही, ह्याचाच गोजराबाईला जास्त राग आला.

दाखला शहरातून काढायचा होता, कारण पोर तिथल्या दवाखान्यात गेली. शंभूनं हात वर केले, मग ती एकटीच बसनं जाऊ लागली. पहिल्या खेपेला खिडकीतला माणूस म्हणाला, सर्व्हरचा इश्यू आहे, उद्या या. दुसऱ्या खेपेला म्हणाला, अर्ज आज दिलात तरी दाखला लगेच इश्यू होत नसतो. गोजराबाईनं खिडकीची सळई धरली. अडचण झाली, हरकत झाली, आता हे काय नवीन? शेजारच्या बाईनं सांगितलं, देतात त्याला पण तेच म्हणतात. गोजराबाईला त्या गर्दीत खाली बसावंसं वाटलं. तिची पोर, नळाचं पाणी, बंद पडलेला कॉम्प्युटर आणि सरकारी शिक्का, सगळ्यांना मिळून ह्या लोकांकडं एकच शब्द होता आणि तिला मात्र प्रत्येक वेळी पोरच आठवायची.

अखेर नोंद सापडली तेव्हा त्यात नाव होतं 'श्रुती'. बापाचं नाव बरोबर, गाव बरोबर, तारीख बरोबर. दवाखान्यात त्या गडबडीत कुणीतरी ऐकलं तसं लिहिलं होतं.

"श्रुती काय, सृष्टी काय," खिडकीतला माणूस समजुतीनं म्हणाला. "आजी, हाच घेऊन जा. वकिलाचं काम भागेल."

"तुमचं नाव काय?"

"नरहरी."

"मी मनोहर म्हनलं तर चालंल?"

तो हसला नाही, चिडलाही नाही. शाळेचा दाखला आणा, आणि मुलीला ओळखणारा नात्यातला एक साक्षीदार आणा, म्हणाला.

शाळेचा दाखला मिळाला. साक्षीदार म्हणून शंभूशिवाय दुसरं होतं कोण? तो आला, पण सगळ्या वाटेवर फोनवर बिल्डरच्या माणसाला सांगत होता, व्हय, आमच्या काकीचंच चाललंय, आज संपतंय बगा. खिडकीपाशी नरहरीनं कागद पुढं ओढले आणि नेमाप्रमाणं विचारलं, "मयत मुलीला तुम्ही ओळखत होता?"

"व्हय. माझी चुलत बहीन."

"नाव काय होतं?"

"सृष्टी." शंभू थांबला. सहीसाठी पेन हातात होतं, ते तसंच राहिलं. "मी तिला सायकलवर शाळंत न्यायचो. ताप आलाय म्हनत व्हती त्या दिवशी. मला वाटलं, शाळा बुडवायला सांगतीय. मी बळंच नेली."

नरहरीनं बोटानं सहीची जागा दाखवली. शंभूनं सही केली.

गोजराबाईला हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं ह्यानं कधी तोंडातून काढलं नव्हतं. बाहेर येऊन दोघं झाडाखाली उभी राहिली. त्यानं दोन चहा सांगितले.

"आदल्या रातीच अंग गरम व्हतं तिचं," गोजराबाई म्हणाली. "म्याच म्हनलं, जा शाळंत."

चहा पिऊन झाल्यावर शंभू म्हणाला, "वकिलाला मी सांगतो. नाव घाल म्हनावं."

दुरुस्त झालेला दाखला हाती यायला आणखी काही दिवस गेले. तेवढ्या दिवसांत बिल्डरचा फोन आला की शंभू उलट त्याच्यावरच खेकसायचा. पौडला कराराची नोंदणी झाली त्या दिवशी गोजराबाई धुतलेलं लुगडं नेसून गेली. कॅमेऱ्यापुढं बसवून फोटो घेतला, अंगठा यंत्रावर टेकवला. सही करण्याआधी तिनं तिथल्या सगळ्यांना ताटकळत ठेवलं, कारण उत्कर्षा अर्ध्या दिवसाची रजा टाकून येत होती आणि वाटेत ट्रॅफिक होतं. शरदचंद्र वकील घड्याळ बघत राहिला. शंभूनं एका शब्दानंही तिला घाई केली नाही.

उत्कर्षा धापा टाकत आली. तिनं ते पान काढलं आणि एकेक शब्द सांगितला: हैबतराव आणि गोजराबाई यांना सृष्टी नावाची एक मुलगी होती, ती लहान वयात अविवाहित असताना मयत झाली.

"परत वाच," गोजराबाई म्हणाली.

उत्कर्षानं परत वाचलं. मग गोजराबाईनं सही केली, चौथीतल्या अक्षरात, ओळीच्या वरखाली. वकील म्हणाला चला, झालं एकदाचं. तिला तसं वाटलं नाही. उलट अंगातलं बळ सरल्यासारखं झालं. एवढ्या मोठ्या जाड कागदांत पोरीला जेमतेम दोन ओळींची जागा, आणि तेवढ्यासाठी आपण सगळ्यांचे शिव्याशाप घेतले, म्हणून तिची तिलाच चीड आली. पण सगळा करार पुन्हा करायचा म्हटलं असतं, तरी त्या दोन ओळी तिनं सोडल्या नसत्या.

शंभूनं गाडी आणली. ती पुढच्या सीटवर बसली. घोटवडं मागं पडलं. मग शंभू म्हणाला, "काकी, तिचा येकादा फोटू हाय का गं?"

"हाय. पेटीत. तुज्याच सायकलीवरचा."

"पोरीला दाखवायचा व्हता माझ्या."

"ये घेऊन तिला," गोजराबाई म्हणाली. "आन् शाळंला सुट्टी आसंल तवाच आन. बुडवून नगं."