काकांचा अंगठा

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातले हे काका रिटायर्ड मेकॅनिकल इंजिनिअर. हौस म्हणून आमच्या केल्टिक भाषांच्या लॅबमध्ये येतात. जुन्या आयरिश दगडांच्या कडेवर खाचा असतात, तीच अक्षरं. मजकूर बहुधा 'अमक्याचा मुलगा तमका' एवढाच. मी तीन वर्षं फोटो मोठे करून ती वाचतेय. काका डोळे मिटून प्लास्टरच्या प्रतिकृतीवर खालून वर अंगठा फिरवतात, मशीनचा पार्ट चेक करावा तसा. माझा नुसता जळफळाट होतो.

परवा अंगठा थांबला. "अगं, बाकीच्या खाचा झिजल्यात, ही बोचतेय. हा मूळ दगडावर नंतर पडलेला ओरखडा आहे." माझ्या थिसिसमधलं एक नाव त्याच खाचेवर उभं होतं.

तेवढ्यात प्रोफेसर आले. काकांनी अंगठा उचलला आणि हवापाण्याच्या गप्पा काढल्या. जाताना हळूच म्हणाले, "तूच सांग त्यांना."

चारचौघांत चूक काढली असती, तर निदान राग तरी धरता आला असता.