पापणीवर फोकस

यंदाच्या जानेवारीत थंडी नाशकावर डूख धरून बसली होती. निफाडकडे पारा उतरला की इकडे वडाळा नाक्यावर खलीलची बोटं आखडून जायची आणि फोटो स्टुडिओच्या शटरचं कुलूप चावीला दाद द्यायचं नाही. त्या दिवशीही चावी भोकाच्या आजूबाजूला दोन-चारदा खरवडून एकदाची आत गेली. त्यानं शटर वर ढकललं, उंबऱ्यावर पाण्याचा हबका मारला, ऊद पेटवला, पांढरा पडदा झटकून सरळ केला आणि स्टुलावर बसून लेन्स पुसायला घेतली. पुसली, उजेडात धरली, परत पुसली. महिनाभर हेच चाललं होतं. धुकं काचेत शिरून बसल्यासारखं, जाता जात नव्हतं.

समोरून एक बाई डोक्यावर टोपली घेऊन गेली, आणि चार पावलांवरून परत आली.

"काय खलीलभाई, आज वळख नाय दाखवली?"

आवाजावरून कळलं, मखमलाबादची चिमणाबाई, शेवंती विकणारी.

"या धुक्यात दिसतंय काय, बाई."

"धुकं? नऊ वाजले, चांगलं ऊन पडलंय. रात्रीची उतरली नाय वाटतं."

"माझी चहाचीच चढते. ती नाही उतरत."

ती हसत गेली. खलीलनं बाहेर पाहिलं. ऊन असेलही. असलं तर ते लेन्ससारखंच कुणीतरी पुसायला हवं होतं.

अठ्ठावन्न वर्षांचा हा माणूस विसाव्या वर्षी कॅमेऱ्याला चिकटला तो तिथलाच झाला. दिंडोरीपासून पिंपळगावपर्यंत किती लग्नं काढली याची मोजदाद त्यानं ठेवली नव्हती. पण कुठल्या नवरीच्या नाकात कसली नथ होती ते विचारा, सांगायचा. त्याच्या उस्तादानं त्याला एकच गोष्ट घोटून शिकवली होती. नाक-कान कुणीही काढतं, म्हणायचे, फोटो तपासायचा तो पापणीवर. पापणीचा एकेक केस सुटा दिसला तर फोटो, नाहीतर कागद वाया. म्हणून खलील कॅमेऱ्याच्या ऑटो फोकसला हात लावायचा नाही. ऑटो म्हणजे दुसऱ्याच्या तोंडानं जेवणं, असं त्याचं म्हणणं. डावा डोळा मिटायचा, बोटानं रिंग फिरवत न्यायची आणि नवरीची पापणी काट्यासारखी उभी राहिली की बटण दाबायचं. अडतीस वर्षं त्यानं हेच केलं.

मग कॅमेऱ्याचे फोन आले. आधी वाढदिवस गेले, मागून बारशी गेली, साखरपुडे गेले. या मोसमात तर एकाच लग्नाची आशा उरली होती, दिंडोरीच्या कोंडाजीच्या नातीचं. कोंडाजीच्या मुलाचं लग्न खलीलनंच काढलेलं. त्या लग्नात कोंडाजीची बायको ठमाबाई ओवाळताना हसली होती, तोच फोटो आज त्यांच्या भिंतीवर हार घालून आहे. एवढ्या ओळखीवर हे लग्न यायला हवं होतं. तेही फोनवाल्यांकडे गेलं तर उद्यापासून हे शटर कुणासाठी उघडायचं, हा प्रश्न खलीलनं कुणाजवळ बोलून दाखवला नव्हता, पण कुलूप काढताना रोज तो मनात यायचा.

अकराच्या सुमाराला पिकअप दारात थांबली. मंडळी बस्त्याला आली होती. मेन रोडला साड्या काढायच्या आधी कोंडाजीनं गाडी इकडे वळवली होती. सोबत नवरी सुवर्णा, तिचा भाऊ स्वराज आणि आतेभाऊ रवी. खलीलची मुलगी आफिया आतल्या टेबलावर कॉम्प्युटरशी बसली होती, तिनं उठून खुर्च्या ओढल्या.

"रातभर बागेत शेकोट्या घातल्या, खलीलभाई," कोंडाजी टेकत म्हणाले. "द्राक्षाचे मणी तडकायला नको या थंडीनं. डोळ्याला डोळा नाय. त्यात या दोघांनी डोकं उठवलंय."

डोकं उठवलं होतं ते फोनवरून. स्वराजचा काळा फोन, रवीचा निळा. दोघांनी दिवाळीत घेतलेले, आणि तेव्हापासून कुणाचा कॅमेरा सरस यावर भांडण.

"चाचा, राग मानू नका," स्वराज म्हणाला, "पण आता लग्नाला कॅमेरावाला कोण बोलावतं? माझ्या फोनवर सगळं निघतं. रात्रीचंसुद्धा दिवसासारखं."

"दिवसासारखंच निघतं," रवी म्हणाला. "मागच्या वरातीत याच्या फोनमध्ये घोडा भरदुपारी नाचत होता. आणि व्हिडिओ? याचा व्हिडिओ बघून आत्याला मळमळलं."

"तुझ्यातली माणसं मेणाची दिसतात, ते सांग."

"बघा," कोंडाजी म्हणाले. "म्हून म्हणलं, खलीलभाई सांगतील. हे म्हणले फोन चालतो, तर फोन. हे म्हणले नाय चालत, तर नाय चालत. मंग कोणी तोंड उघडायचं नाय."

खलीलच्या छातीत काहीतरी ताठ झालं. दहा वर्षं त्याला कुणी असं विचारलंच नव्हतं.

त्यानं सुवर्णाला खिडकीच्या उजेडात बसवलं. पदर नीट केला नाही, हनुवटी धरली नाही. नुसतं "खिडकीतल्या कबुतराकडे बघ बेटा" म्हणाला, आणि तिची मान जशी वळायला हवी तशी वळली. दोघांनी फोटो काढले. मग दाराच्या चौकटीत उजेड पाठीमागे घेऊन काढले, मग पोरांनी फोन धरून तिच्यामागून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत चालत व्हिडिओ घेतला. खलीलनं दोन्ही फोन हातात घेतले, एकदा हा, एकदा तो, लांब धरून, जवळ धरून.

"काळ्यात अंगकांती बरोबर उतरली," तो म्हणाला. "पोरीचा रंग पोरीचाच राहिलाय. निळ्यानं पावडर थापली. तिची आई ओळखायची नाही. पण दारातला बघा: काळ्यात मागची गल्ली पांढरीफटक जळाली, निळ्यानं सांभाळली. व्हिडिओ निळ्याचाच. पाण्यावरून चालल्यासारखा जातो. काळा धक्के खातो. मात्र निळ्यात आवाज मेला. एवढी रिक्षा गेली, ती ऐकूच येत नाही. उद्या मंगलाष्टकंही गाळून टाकील तो."

एकेक शब्द बरोबर होता, आणि तो बरोबर आहे हे पोरांनाही दिसत होतं. आफिया आतल्या दारात येऊन उभी राहिली. बापाला असं बोलताना तिनं फार दिवसांनी ऐकलं होतं.

"मंग?" कोंडाजी म्हणाले.

"आता शेवटचं." खलीलनं सुवर्णाचा खिडकीतला फोटो दोन बोटांनी मोठा केला. काळ्यावर. मग निळ्यावर. परत काळ्यावर. चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं, खाली घेऊन पाहिलं. "पापणी नाही," तो म्हणाला. "दोन्हीत नाही. काजळाचा नुसता पट्टा ओढलाय. यंत्र अंदाज करतं, बाबांनो. इथं डोळा असेल म्हणून डोळा काढतं. लग्नाला नाही चालायचं हे."

"दिसतायत की चाचा," स्वराज वाकून म्हणाला. "ह्या काय, पापण्या."

"तुला काजळ दिसतंय. पापणी सुटी दिसावी लागते."

रवीनं काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यानं खलीलच्या खांद्यावरून मागे, आफियाकडे पाहिलं होतं. सुवर्णानं पायाच्या अंगठ्याकडे नजर लावली. त्या शांततेला खलील हार समजला, पोरांची हार.

"झालं," कोंडाजी गुडघ्यावर हात टेकून उठले. "ऐकलं? आता बास." कोपरीच्या खिशातून त्यांनी सुपारी काढली आणि खलीलच्या तळहातावर ठेवली. "बावीस तारीख. सकाळी हळदीपासनं या. ठमा असती तर तिनंबी हेच सांगितलं असतं."

पिकअप गेली. खलीलनं सुपारी टेबलावर ठेवली, आणि कित्येक दिवसांनी शीळ घातली.

"ते दोन फोटो घेतलेस ना त्यांच्याकडून?" तो आफियाला म्हणाला. "मोठ्या स्क्रीनवर लाव. आता जो फोनवाला येईल त्याला हेच दाखवायचं. म्हण, मोज पापण्या."

"नंतर लावते अब्बा. चहा घेऊ आधी."

"लाव गं."

"फाइल नीट आली नाही बहुतेक."

"आफिया."

तिनं लावली. पडदाभर सुवर्णाचा चेहरा आला. खलील पुढे झुकला. पापणीच्या जागी तोच काळा पट्टा.

"बघ. म्हटलं नव्हतं?"

आफियानं माऊस फिरवला. चेहरा मोठा झाला, मग नुसतं नाक आणि डोळा, मग डोळाच. एक डोळा हातभर झाला तेव्हा पट्टा हलला, फुटला, आणि त्यातून केस वेगळे झाले. कंगव्याच्या दातांसारखे. एकाच्या टोकाला काजळाचा बारीक गोळा होता, तोसुद्धा. तिनं दुसरा फोटो लावला. दुसऱ्यातही होते.

खलीलनं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, घातला. केस होते तिथेच होते.

"हे मोठं न करता दिसतं तुला?"

"हो."

"फोनवर दिसत होतं?"

"हो अब्बा."

"त्या पोरांना?"

तिनं माऊसवरून हात काढून घेतला. त्यानं स्टूल ओढलं. दिवाळीआधी शिबिरातल्या डॉक्टरनं डोळ्यात बॅटरी मारून सांगितलं होतं, चाचा, साखर डोळ्याच्या पडद्यापर्यंत गेलीय, मोठ्या दवाखान्यात दाखवा. तो कागद त्यानं घरी आणून घडी करून ठेवला होता. वाचायचा चष्मा तेवढा बदलला होता.

"नईमच्या मुलीच्या निकाहचे काढ," तो म्हणाला. "मी काढलेले. अल्बमातले नको, कॅमेऱ्यातले."

"कशाला अब्बा?"

"काढ म्हणतो ना."

तिनं काढले. एक, दहा, पन्नास. आता ती सांगितल्याशिवायच मोठे करत होती, कारण थांबून उपयोग नव्हता. नवरीच्या कानातलं झुमकं लख्ख होतं, त्याचा मोती न मोती; चेहरा दुधात बुडाल्यासारखा. पुढच्यात पाठीमागच्या खुर्चीची वेल लख्ख. पुढच्यात काहीच नाही. ज्या रिंगवर अडतीस वर्षं त्याचं बोट आपसूक थांबत होतं, ते बोट कधीपासून भलतीकडेच थांबत होतं.

"मग अल्बम?" खलील म्हणाला. "नईमनं गळ्यात पडून सांगितलं होतं, हात तुमचाच, खलीलभाई. त्यात तो फोटो आहे, रुखसतीचा. बाप दरवाजा धरून उभा आहे, आणि पोरगी मागे वळून..." तो थांबला. तो फोटो कधी काढला हे त्याला तेव्हाही आठवलं नव्हतं. वय झालं, म्हटलं होतं.

आफियानं आपला फोन टेबलावर उलटा ठेवला होता. काच तडकलेला, कोपरा टेपनं चिकटवलेला, चार वर्षांचा साधा फोन. ती त्या फोनकडे बघत राहिली.

"बायकांच्या बाजूला उभी राहून मी यावर काढायचे," ती हळू म्हणाली. "तुमचे निघाले तर तुमचेच लावायचे. खरंच. पण मागच्या तीन लग्नांत फार थोडे निघाले."

खलीलनं तो फोन हातात घेतला, वजन केल्यासारखा धरला, आणि परत ठेवला. प्रश्न त्या काळ्या-निळ्या फोनचा नव्हताच. तडकलेल्या काचेचा हा फोनसुद्धा त्याच्यापेक्षा बरा होता.

"बावीस तारखेला असंच करू," आफिया म्हणाली. "तुम्ही कॅमेरा धरून पुढे राहा. मी मागून काढते. कुणाला कळणार नाही."

"मी धरून उभा राहू. नुसता."

"तसं नाही म्हणत मी."

"तसंच आहे." तो रागानं बोलला नाही. "तुझं अंबडच्या कंपनीतल्या नोकरीचं पत्र येऊन दोन महिने झाले. अम्मीनं सांगितलं मला. याच्यासाठी थांबलीस?"

तिनं मान खाली घातली. त्याला तिचा चेहरा नीट दिसला नाही. रडते आहे की नाही, तेही नाही.

"सोमवारी जा," तो म्हणाला आणि कोंडाजीचा नंबर लावून द्यायला सांगितलं.

पलीकडे साड्यांच्या दुकानातला गलका होता. "बोला खलीलभाई," कोंडाजी ओरडले.

"दादा, फोटो स्वराजच्या फोनवर घ्या. दारापुढे उभं करून नको, उजेड तोंडावर घ्या. व्हिडिओ रवीचा. मंगलाष्टकांना मात्र आवाजासाठी काळाही चालू ठेवा."

"आं? सकाळी तर म्हणले पापणी नाय."

"पापणी होती. मला दिसली नाही."

गलका तसाच चालू राहिला. कोणीतरी किरमिजी रंगातली दाखवा म्हणत होतं. मग कोंडाजी म्हणाले, "किती दिस झाले?"

"माहीत नाही दादा. आजच कळलं."

"मंग तुम्ही असंच या. जेवायला. पाव्हणे म्हणून, मांडवात पुढच्या खुर्चीवर. ऐकताय नव्हं? यायचंच."

"येतो," खलील म्हणाला.

त्यानं फोन आफियाकडे दिला. आजवर एकाही लग्नात तो खुर्चीवर बसला नव्हता. बसल्यावर हात कुठं ठेवतात माणसं, मांडीवर की काय, हे त्याला आठवून बघावं लागलं. समोर अंतरपाट असेल, त्याच्या अलीकडे दोन पोरं फोन वर धरून उभी असतील, आणि नवरीच्या जागी एक पिवळा ठिपका.

आफिया पडद्यावरचे फोटो बंद करत होती, एकामागून एक. तिचा फोन वाजला. जहिदा होती, खलीलची बायको. घरात पीठ नव्हतं आणि गिरणी दुपारी बंद होते. दळणाचा डबा सकाळीच स्टुडिओत आणून ठेवला होता म्हणाली, बापलेकीला दिसला कसा नाही.

"मी जाते," आफिया म्हणाली.

"राहू दे."

त्यानं काउंटरखाली हात फिरवला, डबा हाताला लागला. झाकण दाबून बघितलं, खांद्यावर घेतला आणि पायरी पायानं चाचपून रस्त्यावर उतरला. त्याची स्कूटर दारातच होती. तिला वळसा घालून तो भिंतीच्या कडेकडेनं गिरणीकडे निघाला.