तिचं ‘मंग?’

आमच्या सेमी-इंग्रजी शाळेत पालकसभा असली की ती बाई भिंतीला टेकून उभीच असते. बाक दिला तरी बसत नाही. बोलते एकच शब्द, “मंग?” मला त्याची धास्तीच वाटते, कारण पुढचं उत्तर आपल्याकडे नसतं.

परवाच्या सभेत सर म्हणाले, सातवीला जादा गणिताचा वर्ग काढतोय, सगळा इंग्रजीतून.

“मंग?”

“जड जाईल, ताई.”

“मंग?”

“शाळा सुटल्यावर थांबावं लागेल. दारव्ह्याहून गावाकडची जीप निघून जाईल.”

“मंग? दुसरी येईन.”

वर्गाची कुणकुण आधीच लागली होती, म्हणून आम्ही बाकीचे पालक मुलींना यात घालायचं नाही असं ठरवूनच आलो होतो. ती मात्र तडक मैदानात गेली आणि कबड्डी खेळणाऱ्या लेकीला धुळीच्या पायांनी वर्गात घेऊन आली.

“शिकाचं हिले हाय, तं हिलेच इचारा.”

सरांनी विचारलं. पोरगी दाराशीच थबकली. “मले भेव लागते, सर.”

मला वाटलं, आता तरी ही बाई बसेल. ती लेकीकडे वळली आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाली, “मंग?”

पोरीनं बाहीनं घाम पुसला.

“मंग काही नाही,” लेक सरांना म्हणाली. “लिवा नाव.”