कॅप्टन रिगोचा चोविसावा भाग

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. एकानेही नाही! चोविसावा भाग आला होता, या दोन हातांनी मी त्याच्या गठ्ठ्याची सुतळी सोडली होती, कव्हरवर जळणारं लाल यान होतं, हे मी भर बाजारात ओरडून सांगितलं. लोक हसले. पुढे कितीतरी दिवस मला बघितलं की विचारायचे, "काय गो सुलभा, इलो काय चोविसावो?"

मालवणजवळच्या कट्टा गावात बस स्टॉपसमोर माझं दुकान. पेपर, वह्या, कापूर, तंबाखू. पुढे एक बाक. बाक असलं की माणसं बसतात, बसली की बोलतात, आणि बोललेलं सगळं माझ्या कानात साठतं. इतके किस्से साठलेत की झाडून काढायचे म्हटले तर गिऱ्हाइकांना आधी नाक धरायला सांगावं लागेल. त्यातले हे कॅप्टन रिगोचे.

तेव्हा केबल नवी होती. तिच्यावर अंतराळात फिरणारा हा कॅप्टन रिगो यायचा. एक यान, एक दुष्मन, दुष्मनाचं नाव झुर्ग. मुंबईच्या कुणा प्रकाशकाने त्याची मराठीत चित्रांची पुस्तकं काढली, कादंबऱ्या काढल्या, कॉम्प्युटरवरच्या खेळाचं गाईडसुद्धा काढलं. मी कोल्हापूरच्या एजंटाकडे मागितली होती लोणच्यांची पुस्तकं. त्याने पाठवला रिगो! परत घेईना. मग म्हटलं, मोठ्याने वाचून दाखवते, म्हणजे कोणीतरी विकत घेईल. मी चौथी पास. मोठ्याने वाचायला चौथी भरपूर होते.

विकत कोणी घेतलं नाही. ऐकायला मात्र बाक भरलं!

*

पहिलं गिऱ्हाईक देवबागचे भाऊ तांडेल. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य. आयुष्य समुद्रात गेलं, मग छातीने दगा दिला आणि होडी सुटली. बाजाराच्या दिवशी बायकोबरोबर बसने यायचे. बायको जयवंती मासे विकायला बसायची आणि हे माझ्या बाकावर.

पहिल्याच भागात यानावर दगडांचा पाऊस पडतो. रिगो यान दुरुस्त करायला स्वतः बाहेर उडी मारतो.

"थांब गो!" भाऊ म्हणाले. "सुकाणू कोणाकडे दिल्यान?"

"नव्या खलाशाकडे."

"आणि तांडेल खंय?"

"अहो, रिगोच तांडेल."

"मगे ह्यो आपटतलो."

मी पान उलटलं. यान आपटलेलं! भाऊंनी बाकावरच्या सगळ्यांकडे एकेकदा बघितलं. "मी काय सांगलंय?"

तेव्हापासून एक बाजार चुकवला नाही. विचारलं की म्हणायचे, "तेच्यो चुको बघूक येतंय." खोटं! रिगोला गोळी लागली त्या दिवशी यांचा चहा गार झाला आणि वर माझ्यावरच चिडले, "हळू वाच गो, तेका दुखता!"

*

मालवण गाडीचे कंडक्टर रेडकर. गाडी स्टॉपवर उभी राहिली की उतरून खिडकीपाशी यायचे, पान-दोन पानं ऐकायचे आणि घंटी मारायचे. एकदा पान संपलं ते झुर्गने रिगोच्या गळ्यावर पाय ठेवला तिथेच. रेडकर हलेनात. गाडीतून आरडाओरडा.

"ओ कंडक्टर! आमची कोर्टाची तारीख आसा!"

"अरे, पोरगी दवाखान्यात आसा माझी!"

रेडकर वळले. "एक माणूस मरता हा हयसर! तुमका काय कळता काय?"

लोक खाली उतरले, म्हणाले, खंय, कोण? मी वाचत होते ती थांबले नाही. पान संपलं, रिगो सुटला, रेडकरांनी घंटी मारली. तर मागच्या सीटवरचा कोर्टवाला ओरडला, "अरे थांब मेल्या! झुर्गाचा काय झाला तां तरी आयकांदे!"

*

मग एका भागाच्या शेवटी रिगोच्या यानाचं इंजिन बंद पडलं. अंधारात, आजूबाजूला कोणी नाही. पुढचा गठ्ठा येईना. भाऊंना घास जाईना. होडीचं मशीन भर समुद्रात बंद पडलं की काय होतं, ते बाकावर त्यांना एकट्यालाच ठाऊक.

आमचे नाना गुरव, देवळातले पुजारी, कापूर घ्यायला आले. भाऊंनी माझ्याच दुकानातला नारळ उचलला आणि त्यांच्या हातात दिला. "देवाक गाऱ्हाणां घाल."

नानांनी विचारलंही नाही कोणासाठी. उभे राहिले, डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा!"

आम्ही सगळे, "होय म्हाराजा!"

"ह्यो कॅप्टन रिगो, परमुलखातलो, पण माणूस कामाचो…"

"होय म्हाराजा!"

"तेच्या यानाची मशीन बंद पडली हा, ती चालू कर, आणि वाटेर जो कोण आडो येता तेका बाजूक कर…"

"होय म्हाराजा!"

भाजी घ्यायला आलेली एक म्हातारी पदराने डोळे पुसत म्हणाली, "घराकडे पोरांबाळां आसत गो तेका?"

पुढच्या गठ्ठ्यात पहिल्याच पानावर इंजिन चालू! नाना दुसऱ्या दिवशी दारात हजर. "नवस फेडूचो आसा, नारळ दी." दोन्ही नारळ माझे. आणि बाजारात नाव नानांचं झालं.

*

आता त्या गाईडचं. त्यात लिहिलेलं की डावीकडचं दार उघडा, झुर्ग झोपला असल्यास चाव्या घ्या, जागा असल्यास पळा. कॉम्प्युटर कट्ट्यात कोणाकडे नव्हता. मग भाऊंनी दुकानापुढे खडूने यान काढलं, दारं काढली. मी वाचायचं आणि त्यांनी चालायचं.

झुर्ग व्हायला कोणी तयार होईना. शेवटी परब गुरुजींना बसवलं. गुरुजी शाळेतून रिटायर झालेले. "हे कचरा वाङ्मय आहे" असं रोज म्हणायचे, आणि रोज यायचे. झुर्गने झोपायचं होतं. गुरुजी जेवून आलेले, खरंच झोपले!

मी वाचलं, "चाव्या घ्या." भाऊंनी गुरुजींच्या खिशातून सायकलची चावी काढली आणि पसार!

गुरुजी उठले तेव्हा भाऊ देवबागच्या वाटेला लागलेले. गुरुजी माझ्यावर लाल. मी गाईड उघडून दाखवलं. छापलेलंच होतं, "एकदा घेतलेल्या चाव्या कोणत्याही परिस्थितीत परत करू नयेत."

गुरुजी आठवडाभर चालत फिरले.

*

नाना गुरव जत्रेच्या दिवसांत दशावतारात काम करायचे. राक्षस नेहमी त्यांच्याकडे. दशावतारात भाषणं लिहिलेली नसतात, ज्याला जे सुचेल ते. त्या वर्षी नानांनी राक्षसाला झुर्गचा वेष केला. डोक्यावर ॲल्युमिनियमचा टोप आणि टोपाला काळ्या तारा.

राजा आला, बघून क्षणभर अडखळला. "तू कोण रे?"

"मी झुर्ग! माझां यान खंय आसा, बोल!"

राजाचं काम करणारा मुरलेला होता. "तुझां यान? पंक्चर काढूक कट्ट्यार दिलंय, उद्या मिळात!"

लोक लोळले. इतक्यात पुढच्या रांगेतून गुरुजी उठून उभे. "नाना, त्या काड्या माझ्या छत्रीच्या आहेत!"

राजाने हात जोडले. "घे झुर्गा, यानाचो मालक पण इलो!"

*

तेविसावा भाग वाचला त्या दिवशी बाक हसलं नाही. रिगो काळ्या खड्ड्यात पडतो आणि खाली छापलेलं, "अंतिम भाग लवकरच."

भाऊंची छाती तोवर फार बिघडलेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गोव्याला जाऊन ऑपरेशन करा, नाहीतर पावसाळा दिसायचा नाही. भाऊ आज जातो, उद्या जातो करत टाळत होते. जयवंती टोपली उचलून त्यांना घेऊन जायला आली होती. मी म्हटलं, "भाऊ, ऑपरेशन उरकून घ्या. चोविसावा तोवर येईल."

"आधी चोविसावो," भाऊ म्हणाले. "तो आयकलंय काय सुटलंय. मगे मराक मोकळो!"

बाकावरचे हसले. जयवंती एरवी अशा बोलण्यावर चार शिव्या हासडायची. त्या दिवशी तिने टोपली डोक्यावर घेतली आणि बसकडे चालू लागली.

*

आणि चोविसावा आला. एकच प्रत! प्रकाशकाने दुकान गुंडाळलं होतं, कोल्हापूरच्या गठ्ठ्यात तळाला तेवढी एक मिळाली. मी काउंटरवर ठेवली, आत चुलीवर चहा उतू जात होता तो उतरवायला गेले. बाहेर आले तर जागा रिकामी!

तेवढ्यात येऊन गेले कोण? रेडकर तंबाखूला, गुरुजी पेपरला, नाना कापराला. जयवंती बांगडे देऊन गेली होती, पण ती कागदाला हात लावायची ती फक्त मासे बांधायला.

मी सोडते काय! मालवण गाडी आली तशी चढले आणि भर गाडीत रेडकरांची चामड्याची पिशवी उलटी केली. तिकिटं, पंच, चुना आणि रिगोचा सातवा भाग! कधीचा गायब होता. गुरुजींच्या घरी गेले. ते जाडजूड ग्रंथ वाचत बसलेले. हिसकावला तर आत नववा! नानांच्या रंगाच्या पेटीत झुर्गची कापलेली चित्रं निघाली, अख्ख्या अकराव्या भागाची चाळण! तिघेही चोर. माझा चोर त्यात एकही नाही!

आणि वर मलाच बोलतात! गुरुजी, नववा भाग काखेत धरून, मला म्हणाले, "सुलभाबाई, अंतिम भाग प्रकाशित झालेलाच नाही. ही तुमची आवई आहे."

एजंटाला फोन लावला. "बाई, मी गठ्ठे पाठवतो. उघडून बघत नाही."

शेवटी मी म्हटलं, देवालाच विचारा. देवळात नानांनी कौल लावला. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या, उजवी पडली तर मी खरी, डावी पडली तर खोटी. आम्ही उभे. पाकळी हलेना. रेडकरांच्या गाडीचा ड्रायव्हर बाहेर हॉर्न वाजवून थकला. पाकळी तिथेच!

"देव काय म्हणता?" मी विचारलं.

नानांनी मूर्तीला हात जोडले. "देव म्हणता, माका ह्येच्यात घालू नको."

*

भाऊ माझ्यावर रागावले नाहीत, तेच मला जास्त लागलं. एवढंच म्हणाले, "मगे आता माका जिवंत ऱ्हवाक व्हया गो. तो मेलो खड्ड्यात पडलो हा, वर येता काय नाय तां बघूक व्हया." आणि इतके दिवस टाळलेल्या ऑपरेशनला गेले.

सोबत रजा टाकून रेडकर गेले. त्यांनीच नंतर सांगितलं. आत नेताना भाऊंनी डॉक्टरांचा हात घट्ट धरला. "डॉक्टरानू, माका परत धाडूक व्हया. एक पुस्तक रवलां हा."

डॉक्टर चांगला माणूस. त्याने विचारलं, "कसलं पुस्तक?"

झालं! रेडकरांनी पहिल्या भागापासून सांगायला सुरुवात केली. झुर्ग येईपर्यंत डॉक्टर ऐकत होता. मग नर्सने रेडकरांना दंड धरून बाहेर काढलं.

ऑपरेशन लांबलं. रेडकरांनी स्टॉपवरच्या फोनबूथला दोनदा फोन केला आणि दोन्हीदा सांगितलं, "अजून आत आसत." आमच्या बाकावर त्या दिवशी कोणी बसलं नाही. सगळे फोनपाशी उभे. गुरुजींनी पेपर उलटा धरलेला.

तिसरा फोन आला. गुरुजींनी घेतला, ऐकला, ठेवला, आणि ज्यांनी जन्मात बाजारात आवाज चढवला नव्हता ते ओरडले, "वाचले!"

*

भाऊ उठून बसायला लागल्यावर आम्ही सगळे देवबागला गेलो. मी पहिला भाग पिशवीत घेतला होता. म्हटलं, शेवट नाही तर नाही, माणसाला सुरुवात तरी परत वाचून दाखवू.

भाऊ घरापुढच्या खळ्यात खुर्चीवर बसलेले. अंगाने निम्मे झालेले, पण डोळे तेच. जयवंती आत चुलीपाशी. माशाच्या कढीचा वास सुटलेला.

आणि भाऊंच्या मांडीवर जळणारं लाल यान!

माझ्या हातातली पिशवी पडली. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. रेडकरांनी नानांकडे बघितलं, नानांनी रेडकरांकडे.

"बघा!" मी ओरडले. "बघा मेल्यांनो, आला होता की नव्हता? गुरुजी, आता बोला! आवई म्हणे!"

"आवाज हळू," भाऊ म्हणाले. "टाके आसत माका."

"भाऊ, ह्यां तुमका खंय गावलां?" रेडकरांनी विचारलं.

"उशाखाली. काल डॉक्टरान सांगल्यान, आता भिया नाय, आणि आज सकाळी उठतंय तर उशाखाली." त्यांनी पुस्तक माझ्यापुढे धरलं. "अजून कोणी वाचूक नाय. बस गो. वाच."

मी पुस्तक हातात घेतलं. कव्हरला माशाचं खवलं चिकटलेलं, पानांना बांगड्याचा वास.

"वाचतंय," मी म्हटलं. "पण आधी नाव. माका सगळ्या बाजारान खोटी ठरवल्यान. कोणी चोरल्यान ह्यां?"

आत पळीचा आवाज थांबला.

भाऊंनी कव्हरवरचं खवलं नखाने अलगद काढलं आणि हसू दाबत म्हणाले, "जयवंतीन."