हिरव्या मुठीचा चाकू

चाकू दाखवायची त्याची एक पद्धत होती. मिटलेला चाकू तळहातावर ठेवायचा, फटीतून पातं दिसू नये म्हणून दुसऱ्या हाताची बोटं आडवी धरायची आणि म्हणायचं, "मूठ बघा, अक्का. पातं तं सगळ्याच्या घरी हाय."

माझ्या डोक्यावर ज्वारीची पाटी. मान वाकवता येत नाही, डोळे तेवढे खाली करायचे. बघून झाल्याशिवाय हा माणूस पाटी उतरवून घेत नसे.

"बघितली. चांगली हाय. धरा आता पाटी."

"काय चांगलं हाय तिच्यात, ते सांगा."

अशी माणसं तुमच्याही गावात असतील. कोणी जुनी घड्याळं जमवतो, कोणी नुसती भांडणं जमवतो. हा चाकू जमवायचा. डोंगरकडा गावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याची पिठाची गिरणी होती. भुवयांपासून चपलांपर्यंत पांढरा माणूस आणि बंडीच्या खिशातून डोकावणारी एक रंगीत मूठ. आज काळ्या शिंगाची, उद्या लाल प्लास्टिकची, परवा पांढऱ्या हाडाची. सणाला पितळेची, माशाच्या आकाराची, डोळ्याच्या जागी मणी बसवलेली. बाजारात, उरुसात, भंगारवाल्याच्या पोत्यात कुठंही घडीचा चाकू दिसला की हा उकिडवा बसलाच. पातं मोडलेलं असलं तर जास्त खूश व्हायचा. म्हणायचा, मोडक्या पात्याचा चाकू कोणी उसना मागत नाही.

ठेवायला त्याने बायकोचा मिसळणाचा डबा घेतला होता. आतल्या वाट्या काढल्या आणि तिच्या लग्नातल्या शालूचा तुकडा अंथरला. बायको मला म्हणायची, "माझी हळद पिशवीत अन् ह्याचे चाकू शालूवर. मला एखादी मूठ बसवून घ्यावं म्हणते. मंग तरी बघंल माझ्याकडं."

एवढे चाकू, पण त्याने कधी काही कापलं नाही. पोत्याची सुतळी दाताने तोडायचा. कांदा बुक्कीने फोडायचा. एकदा गिरणीचा पट्टा अडकला तेव्हा खिशात चाकू असताना शेजारी विळा मागायला गेला.

मी म्हणलं, "तो खिशातला काहून न्हाई काढत?"

"हा कापायचा चाकू न्हाई, अक्का."

"मंग कशाचा हाय?"

"ठेवायचा हाय."



सगळ्यात लाडका होता हिरव्या मुठीचा. लहानपणी मामाच्या गावाला कुणाच्या तरी कमरेला त्याने तसला चाकू पाहिला होता. तेव्हापासून शोधत होता. केस पांढरे झाल्यावर औंढ्याच्या जत्रेत सापडला. बाटलीच्या काचेसारखा हिरवा, उन्हात धरला की आतून उजळायचा. तो म्हणायचा, हे रंगवलेलं शिंग आहे. मी म्हणलं, हे फणीचं प्लास्टिक आहे, सुई तापवून टोचून बघू, शिंग असेल तर केस जळल्याचा वास येईल. त्यावर तो माझ्याशी आठ दिवस बोलला नाही. दळण मात्र दिलं. मुकाट्याने.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. हळद लागली की नवरदेवाच्या हातात चाकू द्यायचा, त्याच्या टोकाला लिंबू टोचायचं. लग्न लागून घरी येईपर्यंत त्याने तो सोडायचा नाही. पूर्वी घरातला कसलाही चाकू चालायचा. आता फोटो निघतात. भाजीचा चाकू हातात धरून फोटो काढायला पोरांना लाज वाटते. मग सगळे गिरणीवर. तो नाही म्हणायचा, मग देऊन टाकायचा, आणि चाकूबरोबर स्वतःही वऱ्हाडात जायचा. लिंबू तोच निवडायचा, कमी रसाचं. नवरदेवाच्या मागे खुर्ची टाकून बसायचा आणि अधूनमधून रुमालाने पातं पुसायचा. एका लग्नात लोकांनी त्यालाच नवरदेवाचा मामा समजून टॉवेल-टोपी केली. त्याने ती घेतलीही.

माझ्या नातवाचं लग्न ठरलं, पोरगी शिरड शहापूरची. नातवाचा फेटा हिरवा, म्हणून त्याला चाकूही हिरवाच पाहिजे. गिरणीवाल्याने साफ नाही म्हणलं. शेवटी मी गेले.

"भाऊ, माझ्या हातानं परत आणून देते. न्हाई दिला तं माझं दळण दळू नका."

त्याने विचार केला. "दळीन. पण जाडं दळीन."

"चालंल."

हे कबूल करायला नको होतं, पण मला वाटलं, चाकू जाऊन जाऊन जाणार कुठं.

लग्न नवरीच्या दारातच होतं. दुपारपर्यंत गिरणीवाल्याने चाकूवरून नजर हलवली नाही. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, आणि कोणीतरी त्याच्या पत्रावळीवर बुंदी वाढली. तेवढाच वेळ तो खाली बघत होता. नेमकी त्याच वेळी नवरीची थोरली बहीण दवाखान्यातून घरी आली. तिचं सासर गावातच, पण बाळंतपणाला माहेरी आली होती, आदल्या दिवशी तिला मुलगा झाला होता. बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड ठेवावं लागतं, आणि घरातले सगळे विळे-चाकू आचाऱ्याकडे. नवरीची आजी खमकी बाई. सरळ मांडवात आली आणि माझ्या नातवाला म्हणाली, "दे रे बाबा तो चाकू." आजेसासूला पहिल्याच दिवशी नाही कोण म्हणणार. त्याने लिंबू काढून खिशात टाकलं आणि चाकू देऊन टाकला.

गिरणीवाला हात धुऊन येतो तर नवरदेवाच्या हातात काही नाही.

पुढचं मी स्वतः बघितलं. तो बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभा, आजी उंबऱ्यात आडवी.

"माझा चाकू हाय तो."

"असंल. उशाखालचं लोखंड सव्वा महिना हलत न्हाई."

"दुसरं देतो. विळा देतो. कुऱ्हाड आणून देतो."

"लेकराच्या डोक्यापाशी कुऱ्हाड ठिवू का? पयलं ठिवलं ते ठिवलं."

"निदान पाहू तं द्या."

"बाळंतीण झोपली हाय. तुमी काय आत येता का?"

नवरी घेऊन वऱ्हाड निघालं, तरी हा तिथंच. शेवटी दोघांनी धरून जीपमध्ये बसवला. अख्ख्या रस्त्यात नवरीपेक्षा तोच जास्त मागे वळून बघत होता.

आणि माझं पीठ जाडं यायला लागलं. जाडं म्हणजे कसं, रवा बरा. भाकरी थापली की कडेने फाटायची, तव्यावर टाकली की तिचे दोन देश व्हायचे. नवी नातसून पहिल्यांदाच स्वयंपाकाला बसली, आणि शेजारणी म्हणायला लागल्या, पोरीला भाकरी जमत नाही. ती बिचारी चुलीपुढं रडायची. मी गिरणीवर गेले आणि म्हणलं, "त्या पोरीची काय चूक?"

"तिच्याच आजीनं नेला न."

"मंग मला फक्त जाडं द्या, तिला बारीक."

"एकाच पाटीतलं हाय ते, अक्का. कसं जमंल?" असं म्हणून खरंच विचारात पडला.

दर बाजाराच्या दिवशी गिरणी बंद ठेवून तो शिरड शहापूरला जायचा. खोलीत जाता येत नसे. दारात बसायचा, चहा प्यायचा आणि आत बसलेल्या बायकांना विचारायचा, मूठ कोरडी आहे ना, तेल तर लागलं नाही ना. त्या घरच्या बायका त्याला हसून हसून दमल्या. जाताना तो बाळासाठी काहीतरी न्यायचा, कधी टोपडं, कधी खुळखुळा. मी विचारलं तर म्हणाला, "रिकाम्या हातानं गेलो तं चाकूसाठीच आलो वाटंल."

सव्वा महिना झाला. मीही बरोबर गेले, माझा शब्द होता आणि माझं पीठ होतं. त्याने डबा काखेत घेतला होता. हिरवा परत आला की शालूवर ठेवूनच आणायचा होता.

आजीने चाकू आणला आणि खाली फरशीवर ठेवला. चाकू हातातून हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. ह्यांचं तर आधीच झालेलं होतं. त्याने उचलला, धोतराला पुसला, उन्हात धरून बघितला. मग खिशात टाकला आणि वरून हात दाबून धरला. चहा झाला. आम्ही रस्त्यावर येऊन जीपमध्ये बसलो, आणि आतून पोरगं रडायला लागलं.

रडणं म्हणजे कसं, बाजूच्या घरातली माणसं बाहेर आली. आजी पळत जीपपाशी.

"बघा, लोखंड हलवलं अन् दचकलं लेकरू."

मी म्हणलं, "लेकरं रडतात. चला."

पण तो खाली उतरला होता. दारात डबा उघडून बसला. काळ्या शिंगाचा दिला. आजीने आत नेऊन उशाखाली ठेवला. पोरगं रडतंच. पांढऱ्या हाडाचा दिला. पितळेचा मासा दिला, जो तो बायकोलाही हातात देत नसे. तरी रडतंच. एकेक चाकू आत जात होता, आणि हा प्रत्येक वेळी कान देऊन ऐकायचा आणि मान हलवायचा. खिशावरचा हात मात्र निघत नव्हता.

शेवटी हात निघाला. हिरवा चाकू त्याने उंबऱ्यावर ठेवला, हळूच, झोपलेलं मांजर ठेवावं तसा.

मी आजीच्या मागोमाग आत गेले, म्हणून मला दिसलं. सव्वा महिना झाल्यावर बाळंतीण विहिरीची पूजा करायला जाते. ती तिकडेच गेली होती. आजीने हिरवा चाकू उशीखाली सरकवला, तेवढ्यात बाळंतीण मागच्या दाराने आली, पोराला उचललं आणि पदराखाली घेतलं. पोरगं भुकेलं होतं. दुसरं काही नव्हतं. बाळाच्या घोटांचा आवाज मला दारापर्यंत ऐकू येत होता.

आजी ओरडली, "ठिवला तसा थांबला बघा."

बाहेरून त्याने विचारलं, "थांबला?"

"थांबला."

 मग तो म्हणाला, "मंग राहू द्या तिथंच. बाकीचे तेवढे आणा."

तोंडावर सांगायला मी कोणाला भीत नाही. हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा मात्र बोलले नाही. जीपवाला हॉर्न वाजवत होता.

परतताना तो एकदाच बोलला. "प्लास्टिक असतं तं थांबला असता का, अक्का? शिंगच हाय ते."

मी म्हणलं, "असंल."

दुसऱ्या दिवशी पीठ बारीक आलं. इतकं बारीक की नातसुनेची भाकरी टम्म फुगली आणि शेजारणी गप्प झाल्या. त्याचं शिरड शहापूरला जाणं चालूच राहिलं. आता चाकूचं निमित्तही नव्हतं. तिथं पोराला मांडीवर घेऊन बसायचा आणि येऊन मला सांगायचा, किती दात आले, किती पावलं टाकली.

मागच्या हिवाळ्यात गिरणीतच बसल्या बसल्या गेला. वर पट्टा चालूच होता, बायकोने येऊन बंद केला. तेराव्याला शिरड शहापूरची माणसं जीप करून आली, पोराला घेऊन. आजी आता काठी टेकत चालते. सगळ्यांसमोर त्याच्या बायकोजवळ बसली आणि म्हणाली, "तुमच्या मालकामुळं जगलं आमचं लेकरू. ह्या अक्काला विचारा. ह्यांनी डोळ्यानं बघितलं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्याची बायकोही.

मी म्हणलं, "व्हय. बराबर हाय."

पोरगं पंगतीत बसलं होतं. तिसरी पुरी संपवून चौथी मागत होतं.