काठावरचा तांब्या

डिसेंबर संपत आला की आमच्या शाळेतल्या प्रत्येक मास्तराला एकदम आठवतं, आपल्या किरकोळ रजा वाया चालल्यात. मग कुणाच्या मेहुण्याचं लग्न निघतं, कुणाची दाढ दुखायला लागते. माझ्याही दोन रजा उरल्या होत्या, पुढं रविवार होता. मी आपलं खरं कारण लिहून दिलं: आईला गरम पाण्याच्या कुंडावर न्यायचे आहे. मुख्याध्यापकांनी अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाले, "बाई, केजात गिझर मिळत न्हाईत व्हय?"

मिळतात की! आमच्याकडं आहे गिझर. पण तो मायसाठी असून नसल्यासारखा. माय म्हणजे माझी आई. बारा-तेरा हंगाम ऊस तोडून तिचे खांदे गेलेत, थंडी पडली की हात डोक्याच्या वर जात नाही. डॉक्टरांनी सांगितलं, गरम पाण्यानं भरपूर शेका. आता भरपूर म्हणजे किती? मायच्या हिशोबात अर्धी बादली. त्यातले दोन तांबे खांद्यांवर, बाकीचं घाईघाईत अंगावर, आणि तेसुद्धा खाली घमेलं ठेवून धरायचं नि कढीपत्त्याला घालायचं. आमच्याकडं नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं, मान्य. पण पाणी आलेल्या दिवशीही तिची अंघोळ अर्ध्या बादलीचीच. तिला मनसोक्त अंघोळ करताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. तेव्हा मी ठरवलं की एकदा तरी हिला गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसवायचंच. बाकी त्या सुट्टीकडून मला काही नको होतं.

कुंडं नांदेडच्याही पलीकडं, जंगलात. एवढ्या लांब जायचं म्हटल्यावर धाकटा भाऊ त्याची जीप घेऊन तयार झाला. हीच जीप रोज केज ते नेकनूर सीटं भरते. त्यानं मागच्या बाजूला वीस-वीस लिटरचे दोन रिकामे कॅन टाकले.

"हे कशाला रे?"

"गरम पाणी आणायला. मायला घरी महिनाभर पुरंल."

"अरे, ते घरी येईपर्यंत गरम राहतंय का?"

त्यानं जरा विचार केला. मग म्हणाला, "झाकण घट्ट लावू की." अशा माणसासोबत मी तीन दिवस काढले.

अंबाजोगाई, अहमदपूर, नांदेड, सगळं नीट पार पडलं. नांदेड सोडलं, सागाची झाडं लागली, रस्ता सुना झाला, आणि एका वळणावर एका म्हातारीनं हात दाखवला. भावाचा पाय आपोआप ब्रेकवर. मी म्हटलं, "अरे, सुट्टीवर आलोय आपण!" तो म्हणाला, "ताई, हात दाखवलेलं सीट सोडून कसं जायचं?" म्हातारी चढली ती सरळ पुढच्या सीटवर. मायला तिनं हातानंच मागं सरकायला सांगितलं आणि माय सरकलीसुद्धा! आजी जवळच्या तांड्यावरची होती. दर हिवाळ्यात दोन दिवस कुंडावर येऊन गुडघे शेकायचे, हा तिचा नेम. वाटेत तिनं भावाला गाडी हळू चालव म्हणून तीनदा झापलं.

कुंडाजवळ महादेवाचं देऊळ आहे, चार-सहा खोल्यांची धर्मशाळा आहे, एक चहाची टपरी आहे. बस्स. फोनला रेंज नाही. बायकांचं कुंड वेगळं, भोवती पुरुषभर उंचीची भिंत, आत चौकोनी पायऱ्या आणि मधे वाफाळणारं पाणी. एका बाजूनं पाणी येतं, दुसऱ्या बाजूनं पन्हळीतून जंगलात निघून जातं. माय त्या पन्हळीपाशीच थांबली. "हे असंच जातंय? रात्रंदिवस?" मी म्हटलं हो. "अगं बया बया बया!" तिनं कपाळाला हात लावला. बीड जिल्ह्यातल्या माणसाला ते बघवणारच नाही. मलाही क्षणभर वाटलं, खाली एखादं घमेलं लावावं.

संध्याकाळ व्हायला अजून वेळ होता. पाण्यात पाच-सहा बायका होत्या, जीपमधली आजी तर गळ्यापर्यंत बुडून डोळे मिटून बसलेली. माय लुगड्याचा पदर खोचून सगळ्यात वरच्या पायरीवर बसली. पिशवीतून तिनं घरचा पितळी तांब्या काढला. मला वाटलं, आता ही पाणी घेईल, हळूहळू उतरेल. पण तिनं पाण्याला हात लावला नाही. तिनं तांब्या खालच्या एका बाईपुढं धरला आणि म्हणाली, "बाई, एक तांब्या भरून द्या की."

त्या बाईनं दिला. मायनं तो खांद्यावर ओतला आणि परत पुढं केला. "आणखी एक."

माझं डोकं सटकलं. "माय, पाणी हातभर अंतरावर हाय! हात घाल की! कोण न्हाई म्हणतंय तुला?"

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. माय खालच्या आवाजात म्हणाली, "वरडू नगं. लोकं हायेत. मी हात घातला तर पाणी खराब व्हतंय."

आणि मला बारव आठवली. मायच्या माहेरी गावाला एक बारव होती, पायऱ्या-पायऱ्यांची. आमच्या लोकांनी वरच्या पायरीवर घागर घेऊन उभं राहायचं. खाली उतरायचं नाही, पाण्याला शिवायचं नाही. कुणाला दया आली तर तो वरून घागरीत पाणी ओतणार, नाही आली तर दुपारपर्यंत उभं. छप्पन साली घरादारानं दीक्षा घेतली, मामा लोक शिकले, पुढं वस्तीवर हातपंप आला. माय हे सगळं सांगायची ते हसत हसत, गंमत सांगितल्यासारखी. ती सत्तरीची झाली, तिची पोरगी मास्तरीण झाली, तरी ती अजून वरच्या पायरीवरच बसली होती. मला रडू आलं आणि रागही आला. राग कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून मी खोलीवर निघून आले, टपरीवाल्याकडून एक बादली पाणी चुलीवर तापवून मागवलं आणि न्हाणीत तांब्यानं भराभर अंघोळ उरकली.

भाऊ तोवर पुरुषांच्या कुंडात दीड तास डुंबून, दोन्ही कॅन भरून, टोमॅटोसारखा लाल होऊन आला होता. मी त्याला झालेलं सांगितलं. तो म्हणाला, "सकाळी लवकर घेऊन जा. कोणी नसतंय. तिला जरा मोकळं वाटंल."

सकाळी थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ. कुंडात फक्त आजी. तिनं मायला हाक मारली, "ये गं, काय बघतीस!" माय हसली आणि वरच्या पायरीवर बसली. तांब्या मांडीवर. मी ठरवलं होतं, आज तोंड उघडायचं नाही. आजीनं एक तांब्या भरून दिला, दुसरा भरून दिला. तिसऱ्याला ती वैतागून म्हणाली, "मी काय तुझी सून हाय का?" मग उठून वर यायला निघाली आणि मधेच किंचाळली, "अगं धरा गं! गुडघा अडकला! पडले मी, पडले!"

मी काय करावं? मी बाहेर धावले. भावाला हाक मारायला. दारापाशी पोचल्यावर कळलं की बायकांच्या कुंडात त्याला कसं बोलवणार! तशीच परत फिरले.

माय पाण्यात होती. लुगड्यासकट, छातीपर्यंत. तिनं एका हातानं आजीचा दंड धरला होता, दुसऱ्या हातानं कंबर, आणि ती आजीला शिव्या देत होती. "एवढ्या वयाची झालीस, शेवाळावर पाय ठिवतीस व्हय? बस खाली! बस गप!" आजी गप बसली. तिच्यासोबत माय पण बसली. पाणी गळ्याशी आलं. मायचा पदर वर तरंगायला लागला.

मग मायच्या लक्षात आलं ती कुठं आहे ते. मी दारातूनच बघत होते. तिनं आधी आजूबाजूला पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडं पाहिलं, पाण्यातल्या. हळूच ओंजळ भरली, सोडली. परत भरली.

"अगं माय माय माय," ती म्हणाली, "लई गरम हाय गं!" आणि हसायला लागली. आजीही हसायला लागली. आजीचा गुडघा खरंच अडकला होता का, याची मला आजही शंका आहे. कारण थोड्या वेळानं ती सरळ चालत पलीकडच्या कोपऱ्यात गेली आणि मायला सांगायला लागली की इथं जास्त गरम आहे, इकडं ये. माय गेली. तिनं दोन्ही हात वर केले. डोक्याच्या वर, पूर्ण. मग खाली आपटून पोरीसारखं पाणी उडवलं.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! माझे पाय थंडीनं बधिर झाले होते. मी वरच्या पायरीवर बसले, मायचा तांब्या तिथंच पडला होता तो उचलला आणि पुढं केला.

"माय, एक तांब्या भरून दे की. पाय शेकते."

माय हसायची थांबली. माझ्याकडं बघितलं, तांब्याकडं बघितलं. मी कालपासून या पाण्याला एकदाही शिवले नव्हते, हे तिला माझ्या आधी कळलं.

"का गं?" ती म्हणाली. "तुला कोण न्हाई म्हणतंय?"

मी तांब्या खाली ठेवला आणि साडीसकट उतरले. पाणी खरंच लई गरम होतं.