टोपी नसलेला फोटो

धुळ्याच्या मंगळवारच्या बाजारात तो फोटोवाला हमखास भेटायचा. नाव मी कधी विचारलं नाही. पेटीसारखा कॅमेरा पोटाशी धरून हिंडायचा. कॅमेरा दिसला की माणसं टोपी नीट करून ताठ उभी राहायची. तोही गंभीरपणे "झालं, जा आता," म्हणायचा आणि माणूस सैलावला की खरा फोटो काढायचा. वर स्वतःच खुदकन हसायचा.

माझे वडील असेच फसले. "झालं" ऐकून त्यांनी टोपी काढली, घाम पुसला आणि वांगीवालीच्या कसल्याशा बोलण्यावर तोंडभर हसले. फोटो पाहून मी मास्तरकीच्या तोऱ्यात त्याला झापलं, "बोडक्या डोक्याचा बाप भिंतीवर लावू का?"

तो चिडला नाही. "टोपीवाला बी काढी देस, मास्तर. पन हाऊ फोटो फाडू नका," म्हणाला. पुढच्या मंगळवारी त्याने न फसवता टोपीवाला फोटो काढून दिला.

वडील गेल्यावर तोच भिंतीवर लागला. सणाला मी त्याला हार घालतो, तेव्हा आई दुसरा फोटो ट्रंकेतून काढून बसते. परवा तिला म्हटलं, "आई, इकडे बघ ना."

"तो कोनी पाव्हना शे," ती म्हणाली आणि हातातल्या फोटोवर बोट ठेवलं. "तुना बाप आठे हासी ऱ्हायना."

हल्ली बाजारात फोटोवाला दिसला की मी मुद्दाम टोपी काढून हसत उभा राहतो. तो कॅमेरा खाली करतो. म्हणतो, "टोपी घाला, मास्तर. असं ठरवीसन नही जमत."